पोलीस ‘जरा येऊन जा’ म्हणाले तर काय करावं? तपासाचे अधिकार कुठवर असतात

गोव्यातल्या साखळीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय २३, बार्देशातल्या एका दुकानात गल्ल्यावर बसतो. गेल्या आठवड्यात गल्ल्यातली रोकड कमी भरली. परवा सकाळी पोलीस स्टेशनमधून फोन आला, ‘जरा येऊन जा’. दहाला गेलेला मुलगा रात्री साडेदहाला घरी आला. मोबाईल तिथंच ठेवून घेतला, पासवर्डही सांगायला लावला. इंग्रजीत लिहिलेल्या तीन पानांवर सही घेतली, वाचून दाखवलं नाही. उद्या पुन्हा बोलावलं आहे. ताई विचारतात: जायलाच हवं का, त्या सह्यांचं काय होणार, आणि वकील केला तर संशय वाढेल का?

ताई, भावाने उद्या जावं. टाळू नये, फोन बंद करून नातेवाइकाकडे राहायला तर मुळीच जाऊ नये. मात्र एकट्याने जाऊ नये आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. बरोबर काय न्यायचं ते शेवटी लिहितो, कारण त्याआधी परवाच्या दिवशी नेमकं काय घडलं हे तुम्हाला समजायला हवं.

मी सत्तावीस वर्षं म्हापसा, डिचोली आणि पणजीच्या न्यायालयांत फौजदारी खटले चालवतो आहे, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, पण ज्यांच्या घरात चोरी झाली अशा फिर्यादींच्या बाजूनेही बरेच. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. आपल्या कायद्यात पोलिसांच्या जवळजवळ प्रत्येक अधिकाराला एक कागद आणि एक वेळ बांधलेली आहे. बोलवायचं तर लेखी आदेश हवा. वस्तू ताब्यात घ्यायची तर पंचनामा हवा. घरात शिरून झडती घ्यायची तर कारणं आधी लिहायला हवीत. अटक करायची तर मेमो हवा आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला हवं. तुमचा भाऊ साडेबारा तास आत होता आणि परतला तेव्हा त्याच्याकडे एकही कागद नव्हता. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण गोव्यात तो मला वरचेवर भेटतो. लग्न, वारसा, मालमत्ता यांना आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागते, म्हणून काहींना वाटतं की पोलिसांचे कायदेही इथे निराळे असतील. तसं नाही. फौजदारी कायदा देशभर आहे तोच गोव्यात आहे. १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. कलमांचे आकडे बदलले. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून १५४, ४१-अ, १६१ हेच आकडे असतात, त्यामुळे ठाण्यात कुणी जुना आकडा सांगितला तर गोंधळू नका.

सर्वांत आधी शोधायचं ते हे, की गुन्हा नोंद झाला आहे का. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. नव्या संहितेच्या कलम १७३मध्ये प्राथमिक चौकशीची थोडी मोकळीक आहे, पण ती तीन वर्षं किंवा त्याहून जास्त आणि सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, उपअधीक्षकाच्या परवानगीने आणि चौदा दिवसांच्या मुदतीत. नोकराने मालकाच्या मालाची चोरी करणं हा न्याय संहितेच्या कलम ३०६चा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ती मोकळीक इथे लागू होत नाही. मालकाने तक्रार दिली असेल तर एफआयआर असायला हवा. नसेल, तर एका मुलाला दिवसभर बाकावर बसवून ठेवण्याला कसला आधार होता, हा प्रश्न उरतो.

एफआयआर आहे की नाही हे कळणं आता सोपं आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा. तिथे तारीख आणि ठाणं निवडून पाहा. ज्याच्यावर संशय आहे त्यालाही प्रत अर्ज करून मागता येते. त्या कागदावर एक रकाना आहे, संशयिताचं नाव. तिथे भावाचं नाव आहे, ‘अज्ञात’ लिहिलं आहे की दुसऱ्याच कुणाचं आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कारण माणसाला बोलावण्याचे दोन रस्ते आहेत आणि ते अगदी वेगळे आहेत. पहिला कलम १७९चा, साक्षीदाराचा. तपास अधिकारी लेखी आदेश काढून आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या, घटनेची माहिती असलेल्या माणसाला बोलावू शकतो. यात काही जणांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही: कुठलीही स्त्री, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठ वर्षांवरचा पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणूस. त्यांचा जबाब ते राहतात तिथे येऊन घ्यायचा. हे तुमच्यासाठीही लिहितो आहे, ताई. अशा प्रकरणांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘बहिणीला पण घेऊन ये’ असं सांगितलं जातं. तुम्ही तुमच्या घरी बसून जबाब देऊ शकता. नाकारल्यासारखं न वाटता नम्रपणे सांगा, ‘साहेब, तुम्ही घरी या, मी सगळं सांगते.’

दुसरा रस्ता कलम ३५(३)चा, म्हणजे जुनं ४१-अ. हा संशयितासाठी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच अटक करण्याची गरज नसेल तर पोलीस हजेरीची नोटीस देतात. माणूस नोटिशीप्रमाणे हजर राहत गेला तर त्याला अटक करायची नाही, आणि करायचीच झाली तर का, हे लिहून ठेवायचं. अर्नेश कुमार निकालाने २०१४ साली यावर कडक शिस्त घातली: अटकेची कारणं असलेली यादी भरायची, ती दंडाधिकाऱ्यापुढे ठेवायची, आणि दंडाधिकाऱ्यानेही डोळे मिटून कोठडी द्यायची नाही. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या जानेवारीत स्पष्ट केलं. नुसता फोन तर त्याहून लांबची गोष्ट.

तरीही जा असं मी का म्हणतो? फोन आला आणि माणूस गेलाच नाही, तर पुढे न्यायालयात ‘आरोपी तपासात सहकार्य करत नाही’ हे एक वाक्य त्याच्याविरुद्ध उभं राहतं. ते वाक्य खोडायला मला नंतर दहा पानं लिहावी लागतात. त्यापेक्षा हजर राहून ‘मी आलो आहे, माझ्या हजेरीची नोंद करा आणि पुढची नोटीस लेखी द्या’ असा अर्ज देणं कितीतरी शहाणपणाचं.

आता त्या साडेबारा तासांबद्दल. पोलीस म्हणतील, तो स्वतःहून आला होता, अटक केलीच नव्हती. कायद्याला या उत्तराने समाधान होत नाही. अटकेचा कागद कधी लिहिला यावर अटक ठरत नाही, माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणापासून ती सुरू होते, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९०मध्येच सांगितलेलं आहे. तुमच्या भावाला आज शांतपणे बसवून तीन गोष्टी विचारा. दुपारी जेवायला बाहेर जाऊ दिलं का? फोन हातातून कधी काढून घेतला? ‘निघतो’ म्हटल्यावर काय उत्तर मिळालं, आणि ते कुणी दिलं? उत्तरं वहीत तारीख-वेळ घालून लिहा. तीन महिन्यांनी हेच विचारलं तर तो गोंधळेल. आज त्याला बाकाचा रंगसुद्धा आठवत असेल.

त्या दिवसाचा एक साक्षीदार ठाण्यातच आहे, कॅमेरा. २०२०च्या डिसेंबरात परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉकअप, मार्गिका, निरीक्षकाची खोली, सगळीकडे आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितलं आणि चित्रण अठरा महिने, ते शक्यच नसेल तिथे किमान एक वर्ष जपायला सांगितलं. प्रत्यक्षात चित्रण मागितलं की ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. म्हणून जपून ठेवण्याची मागणी लवकर आणि लेखी करायची. एकदा मागणी आवकेत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, नोंदली गेली की त्यानंतर चित्रण गेलं तर त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

सह्यांची भीती तुम्हाला जास्त वाटते आहे असं पत्रावरून दिसतं, तर त्याबद्दल नीट सांगतो. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. असा जबाब खटल्यात मुख्यतः साक्षीदाराच्या उलटतपासणीत विसंगती दाखवायलाच वापरता येतो. आणि त्या तीन पानांत ‘मी पैसे घेतले’ असं लिहिलेलं असलं तरी पोलिसांपुढची कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कबुली ग्राह्य धरायची तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, कलम १८३प्रमाणे, विचार करायला वेळ देऊन, ‘तुला कबुली द्यायची सक्ती नाही’ हे समजावून झालेली हवी.

पण याच कलम २३ला एक दार आहे आणि बऱ्याच केसेस त्या दारातून येतात. आरोपी कोठडीत असताना त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूच्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. ‘पैसे मी घरामागच्या लाकडांखाली ठेवले आहेत, दाखवतो’ असं वाक्य आणि मग लाकडांखाली सापडलेल्या नोटा. म्हणून त्या तीन पानांत कबुली आहे की वस्तू दाखवण्याचा पंचनामा आहे, हे कळणं महत्त्वाचं. इंग्रजीत काय होतं ते भावाला माहीत नाही, त्यामुळे आजच लेखी कळवायचं की मजकूर वाचून दाखवलेला नाही.

भाषेचा हा मुद्दा गोव्यात मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा आहे आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही मान्यता आहे. तरी ठाण्यातले कागद बहुधा इंग्रजीत असतात, बोलणं कोकणीत होतं, आणि ज्याचा जबाब तो घरी मराठी वर्तमानपत्र वाचणारा असतो. मधे जे गळतं ते माणसाच्या आयुष्याशी खेळतं. काही वर्षांपूर्वी एका गवंड्याची केस माझ्याकडे आली. अटकेची कारणं लेखी दिली होती, सगळं टाइप केलेलं, दोन पानं. तो ते पाकीट खिशात घालून न्यायालयात आला आणि मला म्हणाला, ‘वकीलसाहेब, हे बिल कसलं?’ त्याला खरोखरच वाटत होतं की दवाखान्याच्या तपासणीचं बिल दिलं आहे. आता हा मुद्दा कायद्यानेही पक्का झाला आहे. अटकेची कारणं लेखी हवीत हे २०२३च्या पंकज बन्सल आणि २०२४च्या प्रबीर पुरकायस्थ निकालांत विशेष कायद्यांच्या संदर्भात आलं होतं. २०२५च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व गुन्ह्यांना लागू केलं: कारणं लेखी, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, आणि तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगितली असली तरी रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी हातात. तसं झालं नाही तर अटक बेकायदा ठरते. तेव्हा भावाला सांगून ठेवा: ‘मला मराठीत लिहून द्या’ असं म्हणणं उद्धटपणा नाही.

मोबाईलकडे वळतो. तपासाशी संबंध असलेली वस्तू जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना कलम १०६ने आहे, मोबाईलही त्यात येतो. पण जप्ती म्हणजे टेबलावर ठेवून घेणं नव्हे. जप्तीचा पंचनामा व्हायला हवा, जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला जायला हवी, आणि नव्या कलम १०५प्रमाणे झडती-जप्तीच्या सगळ्या कामाचं, यादी करून त्यावर सह्या होईपर्यंत, ध्वनिचित्रमुद्रण व्हायला हवं. ते मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. फोनमधला मजकूर पुरावा म्हणून आणायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे त्या मजकुराच्या बोटांच्या ठशासारखा आकडा. आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. फोन सीलबंद न करता दोन दिवस कुणाच्या तरी खणात पडून असेल, त्यात कोणी चालू-बंद करून पाहिलं असेल, तर तो पुरावा म्हणून किती टिकेल हा उद्या सरकारी वकिलालाही छळणारा प्रश्न आहे.

पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर निरनिराळ्या न्यायालयांची मतं निरनिराळी आहेत. बोटांचे ठसे, हस्ताक्षर देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१मध्ये ठरवलं आहे. डोक्यातली माहिती बाहेर काढणं मात्र वेगळं, हा विचार २०१०च्या सेल्वी निकालामागे आहे, ज्याने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायला मनाई केली. माझा सल्ला असा की न्यायालयाचा आदेश दाखवल्याशिवाय पासवर्ड देऊ नये. तुमच्या भावाने दिलेला आहे, तर निदान तो कसा घेतला गेला हे लिहून ठेवा. बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, ईमेल यांचे पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून आजच बदला. फोनमधला मजकूर दूरून पुसण्याचा विचारही करू नका. पुरावा नष्ट करण्याचा नवा गुन्हा अंगावर येईल आणि तो खरा असेल. खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळखक्रमांक, उतरवून घ्या. फोन परत मिळवायचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो.

वकील केला तर संशय वाढेल का? ताई, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, आणि विचारणारे बहुतेक प्रामाणिक लोक असतात. सराईत माणूस हा प्रश्न विचारत नाही, तो पहिला फोन वकिलाला करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ने अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे, आणि कलम ३८प्रमाणे चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येतं. पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल असा हक्क मात्र नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. अनुच्छेद २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही, आणि हे संरक्षण ठाण्यातल्या चौकशीलाही आहे, असं १९७८च्या नंदिनी सत्पथी निकालात ठरलं. नाव, पत्ता, कामाच्या वेळा, त्या दिवशी गल्ला कुणी मोजला, हे सरळ सांगावं. ‘तूच घेतलेस ना?’ याला ‘नाही’ हे एक उत्तर पुरेसं आहे. तेच दहा वेळा विचारलं तरी तेच उत्तर.

अटक झालीच तर काय पाहायचं ते थोडक्यात. मेमोवर घरच्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि भावाची प्रतिस्वाक्षरी हवी. घरी कळवायला हवं. वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि तिच्या अहवालाची प्रत त्याला मिळायला हवी. डॉक्टरसमोर आणि दंडाधिकाऱ्यासमोर, मार बसला असेल तर ते त्याच क्षणी बोलायचं. उद्या सांगू म्हणून ठेवलं की वळ जातात. कबुलीसाठी मारहाण करणं हा न्याय संहितेच्या कलम १२०चा गुन्हा आहे, वर्दीतल्या माणसालाही. कलम ३०६मध्ये साठ दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन मागण्याचा हक्क आपोआप उभा राहतो, पण तो आरोपपत्र येण्याआधी अर्ज करून वापरावा लागतो. अटकेची भीती आजच वाटत असेल तर सत्र न्यायालयात कलम ४८२प्रमाणे अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, त्यासाठी एफआयआर नोंद झालेला असलाच पाहिजे असंही नाही.

तुम्ही पत्रात शेवटी एक ओळ लिहिली आहे, की ‘दुकानमालक म्हणतो पैसे भरून टाका, मी साहेबांना सांगून मिटवतो’. ही ओळ वाचून मी थांबलो. ठाण्यात बसून पैसे भरू नका. तिथे दिलेला एक रुपयाही उद्या ‘चोरीची रक्कम परत केली’ म्हणून तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल. पोलिसांचं काम तपास करण्याचं. देणं-घेणं ठरवणं त्यांच्या अधिकारात नाही. आपल्याकडे जमिनीच्या बाबतीतही हेच चालतं. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, यांचा वाद ठाण्यात जातो आणि कुणीतरी सांगतं, कुंपण काढ नाहीतर आत घालतो. मुंडकाराचं घर १९७५च्या कायद्याने राखलेलं आहे आणि तो प्रश्न मामलेदारापुढे जातो. पोलिसांनी तिथे मारामारी होऊ द्यायची नाही, तेवढंच.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा माणूस चोराला सोडवायच्या युक्त्या सांगतो आहे. म्हणून एक जुनी केस सांगतो. सत्तरीतल्या एका घरातून सोन्याची साखळी गेली होती. मी त्या घरच्या आजींसाठी उभा होतो, सरकारी वकिलांना साहाय्य म्हणून. साखळी आरोपीच्या खोलीतून, दोन पंचांसमोर, दुपारी सव्वाचार ते पाच या वेळेत जप्त झाली, असं पंचनामा म्हणत होता. पहिला पंच एका औद्योगिक वसाहतीत कामाला. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने त्याच्या कारखान्याचं हजेरीचं कार्ड पुढे केलं. त्यावर दुपारी ३ वाजून ५८ मिनिटांनी आत गेल्याचा ठसा होता आणि बाहेर पडल्याचा मध्यरात्रीनंतरचा. न्यायालयात इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पंच खाली मान घालून म्हणाला, ‘दुपारी ड्युटीला जाताना ठाण्यात बोलावून सही घेतली होती.’ दुसऱ्या पंचानेही तेच सांगितलं. आरोपी सुटला. त्यानेच साखळी घेतली होती असं मला आजही वाटतं, कारण खोलीच्या मालकिणीने ती तिथे पाहिली होती. पण जप्तीच खोटी पडल्यावर न्यायाधीश काय करणार? आजी मला बाहेर म्हणाल्या, ‘बाबा, साखळी मिळाली ना, मग चोर कसा नाही मिळाला?’ मला त्यांना उत्तर देता आलं नाही. तपास अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे फायलींचा ढीग होता, बंदोबस्ताची ड्युटी होती, आणि एक तास वाचवायला त्याने पंचांना घरी नेलं नाही. त्या एका तासाने आजींची केस गेली.

आता उद्याचं. पोलीस निरीक्षकाच्या नावाने मराठीत एक अर्ज करा. मजकूर साधारण असा ठेवा: ‘दिनांक अमुक रोजी सकाळी १० वाजता आपल्या कार्यालयातून आलेल्या फोनवरून मी हजर झालो, रात्री १०.३० वाजता मला जाऊ देण्यात आले. माझा मोबाईल, आयएमईआय क्रमांक अमुक, आपल्या ताब्यात आहे, जप्ती पंचनाम्याची प्रत मला मिळालेली नाही. इंग्रजीतील तीन पानांवर माझी सही घेण्यात आली, मजकूर मला वाचून दाखवलेला नाही, तो माझा जबाब म्हणून मला मान्य नाही. तपासास सहकार्य करण्यास मी तयार आहे. गुन्हा क्रमांक व एफआयआरची प्रत द्यावी, पुढील हजेरीची नोटीस लेखी द्यावी, आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे.’ यात राग, आरोप, विशेषणं काही नको.

तीन प्रती काढा. एक ठाण्याच्या आवकेत देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. आवकेत घेत नसतील तर वाद घालू नका, बाहेर येऊन ती पोलीस अधीक्षकांना स्पीडपोस्टने आणि ईमेलने पाठवा. तिथेही हालचाल झाली नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आहेत, आणि गंभीर गैरवर्तन असेल तर पणजीतलं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १५१०० या क्रमांकावरूनही मदत मिळते. भावाबरोबर वकील किंवा घरातला एखादा जाणता माणूस पाठवा, त्याने बाहेर थांबावं. तिसरी प्रत तुमच्याजवळ राहू द्या, आणि भाऊ किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, हे त्याच कागदाच्या मागे त्याच वेळी लिहून ठेवा.